गिरिदुर्ग नको, छावणी तर नकोच

प्रश्न असा: वेल्समध्ये डोंगरमाथ्यांवर लोहयुगातली तटबंदीची ठिकाणं आहेत, त्यांना इंग्रजीत 'हिलफोर्ट' म्हणतात. ब्रिटिश नकाशांवर कित्येक ठिकाणी नुसतं 'कॅम्प' छापलेलं असतं. मग मराठीत छावणी म्हणावं की गिरिदुर्ग?

छावणी अजिबात नको! हल्ली 'कॅम्प' दिसला की डोळे मिटून 'छावणी' लिहितात. छावणे म्हणजे शाकारणे. पावसाळ्यात मोहीम थांबली की फौज छपरं घालून राहायची ती छावणी, दसऱ्याला उठायची. आता लीन द्वीपकल्पातलं त्रेर केइरी बघा. साडेचारशे मीटरवर दगडी तट, काही ठिकाणी अजून दोन पुरुष उंच, आणि आत दीडशेच्या आसपास गोल घरांचे अवशेष. रोमन अमलातही लोक तिथं नांदत होते. चूल मांडून पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांची छावणी कशी होईल? गिरिदुर्ग म्हटलं की किल्लेदार, शिबंदी, दारूकोठार आलं. तेही इथलं नव्हे.

वेल्श लोकांचा स्वतःचा शब्द आहे 'दिनास'. आज त्याचा अर्थ शहर, जुन्या स्थळनामांत मात्र तटबंदीची जागा. यातला 'दिन' म्हणजेच गॉलमधला, म्हणजे प्राचीन फ्रान्समधला, 'दूनोन'; वेल्श आणि गॉलची जुनी भाषा दोन्ही केल्टिक कुळातल्या. फ्रान्समधलं ल्यों हे मूळचं लुग्दुनुम, ते याच घराण्यातलं. काही हौशी मंडळी देहरादूनही इथंच आणून बांधतात. साफ चूक. तो 'दून' द्रोणीपासूनचा. पत्रावळीवरचा द्रोण आठवा, खोलगट. एक डोंगरमाथा, दुसरी दरी. नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

खरी सोयरीक जर्मानिक भाषांत आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच केल्टिक शब्द तिकडे उसना गेला. त्याचं जर्मनमध्ये 'त्साउन' झालं, म्हणजे कुंपण. डच भाषेत त्याच शब्दाचा अर्थ बाग. इंग्रजीत 'टाउन', गाव. कुंपण, बाग, गाव! आता कोकणात या. नारळी-पोफळीची वाडी, आणि दहा घरांचीही वाडीच. दोन्ही संस्कृत 'वाट'पासून, म्हणजे कुंपण किंवा कुंपणानं घेरलेली जागा. गुरांचा वाडाही त्यातलाच. धातू वेगळे, पण अर्थाची पायवाट तीच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री कोश मिटवूच शकलो नाही.

माझ्या मते आपला 'गड'ही याच वाटेनं आला. संस्कृत 'गड' म्हणजे कुंपण, खंदक. काही जाणकार प्राकृत 'गढ'पाशी थांबतात. मला ते थांबणं पटत नाही. आधी आडोसा, मग आतली वस्ती, मग तिचं नाव, हा क्रम इतक्या भाषांत दिसत असताना 'गड'लाच तो का नाकारायचा?

हां, उत्तर राहिलं. 'डोंगरकोट' म्हणा. कोटाला तट लागतो आणि आत माणसं राहू शकतात. आणि वेल्श 'त्रेव' म्हणजे मुळात वस्ती, 'केइरी' म्हणजे राक्षस. तेव्हा त्रेर केइरीचं मराठी नाव राक्षसवाडी.