तिशी ओलांडली तरी मी नक्की कोण ते कळत नाहीये, उशीर झाला का?

आधी सरळ उत्तर देते, उशीर झालेला नाही. आणि अरे-तुरे करतेय त्याचा राग मानू नकोस, माझा मोठा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, शिवाय तू नाशिकच्या सिडकोतला म्हणजे जवळचाच, आम्ही इंदिरानगरला.

तू लिहिलंयस की वय ३१, वडील प्रेसमध्ये होते, ते म्हणाले म्हणून इंजिनियरिंग केलं, मग पुण्यात आयटीत लागलास, आता घरचे स्थळं बघतायत, सगळं व्यवस्थित चाललंय पण रात्री झोपताना वाटतं की यातलं मी स्वतः काय ठरवलं. आणि शेवटी विचारलंयस की माणूस स्वतःला नेमका कोणत्या वयात ओळखतो, तुझं ते वय निघून गेलं का. मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं, डीएडला मानसशास्त्र होतं तेव्हापासून या विषयाची ओढ लागली ती आजपर्यंत आहे, त्यामुळे थोडं वाचलेलं आणि बरंचसं घरात बघितलेलं असं सांगते.

जेम्स मार्सिया नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली कॉलेजातल्या मुलांशी बोलून एक मांडणी केली होती. ते दोनच गोष्टी बघायचे. तू वेगवेगळ्या वाटा चाचपून बघितल्यास का, आणि कुठल्या एका वाटेला तू स्वतःला बांधून घेतलंयस का. दोन्ही नाही, तो माणूस नुसता वाहत चाललेला. चाचपणी चालू आहे पण ठरलेलं काही नाही, तो शोधात असलेला. चाचपून मग ठरवलं, त्याची ओळख त्याने कमावलेली. आणि चौथा प्रकार म्हणजे काहीही न चाचपता ठरवून मोकळा झालेला, म्हणजे घरच्यांनी जे समोर ठेवलं तेच आपलं मानून चालायला लागलेला. तुझं पत्र वाचताना मला हा चौथा प्रकार आठवला आणि आपल्याकडे तोच जास्त दिसतो असं माझं स्पष्ट मत आहे. दहावीला मार्क बरे पडले की सायन्स, मग क्लास, मग इंजिनियरिंग, नाहीच जमलं तर अभ्यासिकेत बसून एमपीएससी, यात मुलगा कुठे थांबून विचार करणार, त्याला तेवढी जागाच कोणी देत नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घे, न चाचपता ठरलं म्हणजे चुकीचंच ठरलं असं अजिबात नाही. माझंच बघ. दिंडोरीकडच्या खेड्यातली मी, वडिलांनी सांगितलं डीएड कर, मास्तरीण हो, लवकर नोकरी लागेल, मी केलं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. दोन्ही मुलं शाळेत जायला लागल्यावर केव्हातरी हा प्रश्न आला की मी हे का करतेय, तेव्हा सुट्टीत एका ओळखीच्या बाईंच्या दुकानाचे हिशोब बघून पाहिले, शिवणाचा क्लास करून पाहिला, थोडे दिवस विम्याचं कामही केलं, आणि लक्षात आलं की जून महिना आला की माझा जीव शाळेकडेच ओढ घेतो. काम तेच राहिलं पण आता ते वडिलांनी दिलेलं नव्हतं, माझं झालं होतं. म्हणून चाचपणी करायची म्हटलं की लोक लगेच राजीनामा, गोव्याला जाणं, असलं काहीतरी डोक्यात आणतात ते मला पटत नाही. तू शोधून शोधून त्याच नोकरीवर परत येशील अशीही शक्यता आहे आणि ते सुद्धा शोधणंच झालं.

मार्सियांनी हे सगळं ज्यांच्या विचारावर उभं केलं ते एरिक एरिक्सन, १९०२ ते १९९४. माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे त्यांनी १९५० साली मांडले, जन्मापासून म्हातारपणापर्यंत, प्रत्येक टप्प्याला एक ओढाताण. तान्ह्या बाळाला जगावर विश्वास ठेवायचा की नाही, शाळेतल्या मुलाला आपल्याला काही जमतं की नाही, किशोरवयात मी कोण, विशी-तिशीत कोणाशी खरी जवळीक होते की एकटंच राहायचं, मधल्या वयात पुढच्यांसाठी काही करायचं की साचून राहायचं, आणि शेवटी मागे वळून बघताना समाधान की हळहळ. या माणसाचं स्वतःचं आयुष्य बघितलंस तर तुझा प्रश्न तुला एकट्याला पडलेला नाही हे कळेल. त्यांना आपले खरे वडील कोण हे कधीच कळलं नाही, सावत्र वडिलांचं आडनाव लावून वाढले आणि एरिक्सन हे आडनाव अमेरिकेचं नागरिकत्व घेताना १९३९ च्या सुमारास त्यांनी स्वतः घेतलं. विशीतली बरीच वर्षं युरोपात चित्रं काढत भटकण्यात गेली, १९२७ मध्ये वयाच्या पंचविशीत व्हिएन्नाला एका छोट्या शाळेत शिकवायचं काम मिळालं तेव्हा कुठे रस्ता दिसला. पुढे त्यांनीच लिहिलं की समाजाने तरुणांना अशी शोधायची सवलत द्यायला पाहिजे.

आणि हे काही फक्त तिकडचं नाही. समर्थ रामदास लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेले आणि आपल्या नाशकात टाकळीला बारा वर्षं राहिले, नंतर पुन्हा बारा वर्षं देशभर फिरले, अशी परंपरा आहे. एवढा मोठा शोधाचा काळ आपणच आदराने सांगतो आणि घरातला पोरगा सहा महिने थांबतो म्हणाला की आपणच घाबरतो. मी तुला लग्न सोडून पळ म्हणत नाहीये हां, उलट ज्या मुलीशी बोलणी होतील तिला हे सगळं आधी सांग, तिच्याही मनात असंच काही असेल तर तुमचं जास्त चांगलं जुळेल.

शोधाच्या काळात बाहेरून काहीच दिसत नाही, त्याचाच माणसाला त्रास होतो. माझ्या माहेरी द्राक्षबाग आहे, तिथे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा नवख्याला बाग भकास वाटते, पुढे मे-जूनमध्ये नुसत्या काड्या आणि पानं, पण पुढच्या हंगामाचे घड त्या काडीत तेव्हाच धरत असतात, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते फक्त बाहेर येतात. म्हणून तुझे हे महिने वाया चाललेत असं समजू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचा तो 'कोणत्या वयात' वाला भाग. लोक हे आठ टप्पे इयत्तांसारखे समजतात, पाचवी पास झाली की परत पाचवी नाही. तसं नसतं, जुने प्रश्न परत उघडतात. आमच्या घरात मी तीन वेळा बघितलं, माझं मघाशी सांगितलंच.

दुसरं यांचं. हे अंबडला कंपनीत होते, पंचेचाळिशीत असताना ती बंद झाली. तोपर्यंत कोणी विचारलं काय करता तर कंपनीचं नाव सांगायचं की विषय संपला, आणि एकदम सांगायला काही राहिलंच नाही. लग्नाकार्याला यायचं बंद केलं, कारण तिथे कोणीतरी विचारणारच, सध्या कुठे? रात्ररात्र बसून विचार करायचे, माझ्याच बाबतीत असं का, आणि त्या 'का' मधून कधी काही निघालं नाही, नुसती झोप गेली. शेवटी माझ्या भावाने बागेतली ड्रिप बिघडली म्हणून बोलावून नेलं. मग शेजारच्याची मोटर, मग कोणाचा स्टार्टर, असं करत करत आज त्या पट्ट्यात लोक यांना फोन करतात आणि हाताखाली दोन पोरं शिकतायत. त्या पोरांना शिकवताना यांचा चेहरा जसा असतो तसा कंपनीत असताना मी कधी पाहिला नव्हता. बसून विचार करण्यापेक्षा हाताने काहीतरी करण्यातून माणूस स्वतःला जास्त लवकर कळतो, हे मी यांच्याकडे बघून शिकले.

तिसऱ्या माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. एरिक्सन गेल्यावर त्यांच्या पत्नी जोन यांनी, स्वतः नव्वदीच्या पुढे असताना, १९९७ मध्ये नववा टप्पा जोडला. त्या म्हणतात त्याचा सारांश असा की खूप म्हातारपणी अगदी लहानपणचे प्रश्न परत येतात, आपल्या शरीरावर विश्वास ठेवायचा का, आपलं आपण करता येतं का. मी ते वाचलं आणि सासूबाई बाथरूमला जाताना हात धरला की इतक्या का चिडतात ते मला समजलं. ज्या बाईने एकटीने चार मुलं वाढवली तिला पुन्हा दुसऱ्याच्या आधाराने उभं राहायला शिकावं लागतंय, हे केवढं मोठं काम आहे. आता मी हात धरत नाही, शेजारून चालते आणि भिंतीला दांडी बसवून घेतली. त्या वयातही माणूस बदलतो, वाढतो, मी रोज बघतेय.

त्यामुळे आत्ता जो मी आहे तो आता कायमचा, असं तुला वाटत असेल तर ते पण तपासून बघ. २०१३ साली एक अभ्यास आला होता, १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांपैकी काहींना विचारलं, मागच्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, आणि काहींना, पुढच्या दहात किती बदलाल. प्रत्येक वयाच्या लोकांचं म्हणणं, मागे बरेच बदललो पण आता पुढे फारसं नाही. म्हणजे विशीतला पण तेच म्हणतो आणि पन्नाशीतला पण.

करायचं काय ते सांगते. एक वही घे आणि चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, न थांबता लिही. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांकडून असंच मनातलं दडपलेलं लिहून घेतलं होतं, लिहिताना त्यांना जड गेलं पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तू मात्र ठरावीक गोष्टीवर लिही, नोकरी, राहायचं गाव, लग्न, पैसा. प्रत्येकाबद्दल हे माझ्यासाठी पहिल्यांदा कोण बोललं होतं आणि मी ते कधी तपासलं का. शुद्धलेखन बघू नकोस, कोणाला दाखवू पण नकोस. त्यातून एखादी गोष्ट अशी निघेल की जी कधीच तपासलेली नाही, ती नोकरी न सोडता शनिवार-रविवारी करून बघ. शिकवावंसं वाटत असेल तर एखाद्या मुलाला गणित शिकव, शेती वाटत असेल तर हंगामात बागेत येऊन काम कर, फक्त फोटो काढायला नको. लिहायचं-वाचायचं वेड असेल तर सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे आपल्याकडे, नाशकात आलास की तिथे जाऊन बस. काही महिने दे त्याला. ज्याचा कंटाळा येऊनही परत करावंसं वाटतं त्याच्याकडे लक्ष ठेव, पहिल्या आठवड्याच्या उत्साहावरून काही ठरवू नकोस.

आणि एक महत्त्वाचं. हे विचार करताना झोप, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल आणि असं दोन आठवडे चाललं असेल तर तो शोध नाही, त्यासाठी डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिले वडील. तू लिहिलंयस की त्यांना सांगितलं तर त्यांना वाटेल आपलं सगळं चुकलं. मग सुरुवात तक्रारीने करू नकोस. रविवारी आलास की दोघंच गोदापार्कला फिरायला जा आणि त्यांना विचार, बाबा, तुम्ही माझ्या वयाचे होता तेव्हा तुम्हाला काय करायचं होतं? प्रेसची नोकरी त्यांनी निवडली की त्यांनाही कोणीतरी सांगितलं होतं हे तुला बहुतेक माहीतच नसेल. त्यांना सांगू दे, मधे बोलू नकोस. तुझं तू त्याच दिवशी सांगितलंच पाहिजे असं नाही, पुढच्या फेरीला सांगितलंस तरी चालेल.