विंडोज बदलल्यावर जुनी डिस्क उघडेना, पेनड्राइव्ह फॉरमॅट मागतोय: आधी काय करायचं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. दुकानदाराने लॅपटॉपमध्ये एसएसडी (नवी, न फिरणारी वेगवान डिस्क) टाकून विंडोज 10 च्या जागी 11 घातलं आणि जुनी हार्डडिस्क यूएसबी केसिंगमध्ये बसवून तुमच्या हातात दिली. आता त्यातलं वडिलांच्या नावाचं फोल्डर उघडायला गेलं की 'परवानगी नाही' येतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या ज्या पेनड्राइव्हवर आहेत, तो लावला की विंडोज म्हणतं, आधी फॉरमॅट करा. तुमचा जीव हार्डडिस्कमध्ये अडकलाय, कारण त्यात लग्नाचे आणि मुंजीचे फोटो आहेत. मला मात्र पेनड्राइव्हची जास्त काळजी वाटते. त्या फॉरमॅटच्या खिडकीत 'कॅन्सल' करा, पेनड्राइव्ह काढून डबीत ठेवा आणि खालचं सगळं वाचून होईपर्यंत पुन्हा लावू नका.

हार्डडिस्कला बहुधा काहीही झालेलं नाही. विंडोज फाइलीचा मालक नावाने ओळखत नाही, एका लांबलचक नंबराने ओळखतं. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि मग 'सिक्युरिटी' उघडा. तिथे वडिलांच्या नावाऐवजी 'एस-1-5-21' ने सुरू होणारी आकड्यांची ओळ दिसेल. तो त्यांच्या जुन्या खात्याचा नंबर. विंडोज कोरं घातलं की खात्याला तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला तरी नंबर नवा पडतो. जमीन तुमचीच, पण सातबाऱ्यावर अजून जुनं नाव आहे, तसं झालंय. जुन्यावरच अपग्रेड केलं असतं तर खाती जशीच्या तशी राहिली असती. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबला, तेव्हापासून हाच प्रश्न माझ्या ओळखीत चार-पाच जणांना आला, आणि प्रत्येक ठिकाणी जुनी डिस्कच केसिंगमध्ये घातलेली होती.

मालकी बदलण्याआधी एक-दोन गोष्टी बघून घ्या. डिस्कच्या चित्रावर कुलूप दिसत असेल तर ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करायच्या सोयीने, बंद आहे. तिथे मालकी बदलून काही होत नाही, 48 आकडी रिकव्हरी की लागते. ती बऱ्याचदा वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. दुसरं म्हणजे कान लावून ऐका. टक टक असा आवाज येत असेल, किंवा डिस्क मध्येच गायब होऊन परत येत असेल, तर आधी केबल बदला आणि हब न वापरता थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. यूएसबी 2 चं पोर्ट 500 मिलीअँपिअर देतं, यूएसबी 3 चं 900, आणि फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना जास्त करंट लागतो. केबल बदलूनही टक टक थांबली नाही तर पुढे काही करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

हे सगळं ठीक असेल तर त्याच 'सिक्युरिटी'त 'ॲडव्हान्स्ड' दाबा. वर 'ओनर'पुढे 'चेंज' आहे, तिथे तुमच्या नव्या खात्याचं नाव लिहून 'चेक नेम्स' करा. परत आल्यावर 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' या चौकोनात खूण करा, नाहीतर वरचं फोल्डर तुमचं होतं आणि आतली सगळी अडकून राहतात. मध्येच तुम्हाला पूर्ण ताबा द्यायचा का असं विचारेल, त्याला 'येस' म्हणा. फाइली हजारोंनी असल्या तर अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. केबलला हात लावू नका. आणि हे फक्त त्या एका फोल्डरवर करायचं. नव्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर चुकूनही करू नका, चालू विंडोज मोडेल.

मालकी बदलणं म्हणजेही डिस्कवर लिहिणंच. मी स्वतः अशा वेळी डिस्कवर काहीच लिहीत नाही. दुसऱ्या, रिकाम्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारा लिनक्सचा एक मोफत प्रकार) टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करतो. लिनक्स एनटीएफएसवरच्या (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) या परवानग्या सहसा बघतच नाही, त्यामुळे फोल्डर सरळ उघडतं आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घेता येतात. जुन्या विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू व्हायची सोय) चालू असेल तर डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडेल किंवा उघडायला कुरकुर करेल. वाचता आलं की आपलं काम झालं. लिहायची परवानगी मिळवायच्या मागे लागू नका.

आता पेनड्राइव्ह. नारायण पेठेत माझं डीटीपीचं काम आहे. 2016 च्या दिवाळी अंकाच्या घाईत एका लेखकाचा पेनड्राइव्ह आला, हाच मेसेज आला, आणि मी 'फॉरमॅट' दाबलं. वर नव्या फाइलीही टाकल्या. दोन कथा कायमच्या गेल्या. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही, म्हणून इतकं लांबण लावून लिहितोय.

फॉरमॅट मागितलं म्हणजे ओव्या पुसल्या गेल्या असं नाही. फाइली कुठे आहेत याची यादी, किंवा अगदी सुरुवातीचा छोटा भाग बिघडला, तरी विंडोजला काही वाचता येत नाही. कॉपी चालू असताना इजेक्ट न करता उपसला की नेमकं हेच होतं. म्हणून आधी पूर्ण पेनड्राइव्हची इमेज, म्हणजे एका फाइलीत उतरवलेली हुबेहूब प्रत, घ्या. उबुंटूत डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम टाकून ती घेता येते. ते वाईट जागा वगळून आधी चांगलं उचलतं आणि अडलेल्या जागी नंतर परत येतं. इमेजच्या दोन प्रती करा आणि पुढचे सगळे प्रयोग एका प्रतीवर करा. मग टेस्टडिस्क हा बिघडलेली रचना दुरुस्त करणारा प्रोग्राम. एफएटी 32 मध्ये (पेनड्राइव्हवर फाइली ठेवायची एक पद्धत) पहिल्या सेक्टरची, म्हणजे त्या सुरुवातीच्या छोट्या भागाची, एक प्रत सहसा सेक्टर 6 वर ठेवलेली असते, ती जागेवर आणली की कधी कधी सगळं नावांसकट परत दिसतं. नाही जमलं तर फोटोरेक हा फाइली हुडकणारा प्रोग्राम. नावात फोटो असला तरी ते ऑडिओही शोधतं, फक्त फाइलींची नावं जातात, नुसते नंबर उरतात. मग घरातल्या मोठ्यांना बसवून, कुठली ओवी कुठली, ते ऐकून लावावं लागेल.

'चेकडिस्क' (विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम) चालवा असं कोणी सांगेल. तुमच्या जुन्या हार्डडिस्कवर, फोटोंची कॉपी झाल्यावर, खुशाल चालवा. पेनड्राइव्हवर नको. ते दुरुस्तीच्या नादात त्याच जागी लिहितं, आणि तुटक्या फाइलींचे तुकडे एका वेगळ्या फोल्डरात टाकून मोकळं होतं.

इमेज घ्यायच्या आधी पेनड्राइव्ह एकदा विंडोजमध्ये लावा, फॉरमॅट मागितलं तर पुन्हा 'कॅन्सल' करा, 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये बघा आणि मला कळवा. 'रॉ' (विंडोजला आतली रचना ओळखता येत नाही) लिहिलेलं असेल आणि आकार बरोबर दिसत असेल तर वरचं सगळं लागू आहे. 'नो मीडिया' किंवा 0 दिसत असेल तर आतल्या कंट्रोलरला चिपच सापडत नाहीये. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका आणि सारखा लावून-काढून बघू नका. आतली चिप थेट वाचणाऱ्या लॅबकडे तो तसाच द्या.