व्हर्च्युअल नंबर घेतला तर स्पॅम कॉल खरंच कमी होतात का? घ्यायचा तर कुठला घ्यावा?

होतात, पण आत्ता ज्या नंबरवर कॉल येताहेत त्यावरचे नाही होत. तो नंबर कॉल करणाऱ्यांच्या याद्यांमध्ये गेला तो गेलाच. व्हर्च्युअल नंबर म्हणजे वेगळ्या सिमशिवाय, इंटरनेटवरून ॲपमध्ये चालणारा जादाचा नंबर. त्याचा उपयोग पुढची गळती थांबवायला.

"एवढा खटाटोप कशाला, ब्लॉक करायचं की" म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरात असणारच. आमच्याकडे दादा आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

विम्याचे दर बघायला मी एका वेबसाइटवर माहिती भरत होते. फोन नंबर दिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मी तिथे नवा व्हर्च्युअल नंबर टाकला, जो दुसऱ्या कुणालाच दिला नव्हता. त्याच संध्याकाळी त्या नंबरवर कर्जवाले, क्रेडिट कार्डवाले, गुंतवणुकीवाले सुरू झाले. मी वेबसाइटवाल्यांना फोन केला. "आम्ही ग्राहकांची माहिती कुणालाही देत नाही," हे ठरलेलं वाक्य आलं. म्हटलं, हा नंबर या जगात फक्त तुमच्याकडे आहे, मग त्यांना स्वप्नात दिसला का? पलीकडे शांतता, मग फोन ठेवल्याचा आवाज. मी तो नंबर बंद केला आणि विषय संपला. खऱ्या नंबरला काही झळ नाही.

हे मी दादाला कौतुकाने सांगायला गेले, तर म्हणे, "तू काय गुप्तहेर लागून गेलीस? ब्लॉक करत जा आणि झोप."

ब्लॉक करून काय होतं? स्क्रीनवर दिसणारा नंबर खरा असेलच असं नाही. तो बनावट दाखवता येतो, आणि आपला विश्वास बसावा म्हणून मुद्दाम आपल्या नंबरसारखेच सुरुवातीचे आकडे लावतात. आज एक ब्लॉक करा, उद्या दुसऱ्या नंबरवरून तोच माणूस. वर ज्या बिचाऱ्याचा नंबर चोरून वापरला, तोच तुमच्याकडे कायमचा ब्लॉक. हे दादाला कितीदा समजावलं असेल!

मग एक दिवस माझ्या खऱ्या नंबरवर फोन. "हॅलो, चिमी मॅडम बोलताय का? पर्सनल लोनची ऑफर आहे."

चिमी! मला चिमी फक्त दादा म्हणतो. आईसुद्धा म्हणत नाही. म्हणजे ते नाव त्याच्या फोनबुकातूनच बाहेर पडलं, आणि फोनबुकातलं नाव काही एकटं जात नाही, नंबर घेऊनच जातं. कुठल्याशा ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले आणि त्याने न वाचता 'अलाउ' दाबलं. मी माझा नंबर कितीही जपला तरी तो शंभर जणांच्या फोनमध्ये सेव्ह आहे. २०२१ साली फेसबुकच्या ५३ कोटींहून जास्त लोकांची माहिती फोन नंबरांसकट उघड्यावर आली, तीसुद्धा फोनबुक चढवून ओळखीचे लोक शोधायची जी सोय होती, तिचा गैरवापर करून गोळा केलेली होती. त्यातल्या कुणाला ब्लॉकचं बटण उपयोगी पडलं? दादाचं म्हणणं अजूनही हेच, की नाव कुठूनही मिळालं असेल. बरं. आता त्याच्याकडेही माझा वेगळा नंबर आहे. त्याला हा अतिरेक वाटतो. वाटू दे.

तर तुमच्यासाठी: खरा नंबर बँक, डॉक्टर आणि अगदी जवळची माणसं यांनाच. जाहिराती, फॉर्म, डिलिव्हरी, दुकानांची मेंबरशिप या सगळ्याला व्हर्च्युअल. आणि तो खऱ्या नंबरवर फॉरवर्ड करून ठेवू नका, नाहीतर तोच त्रास वळसा घालून तुमच्याच खिशात वाजेल. व्हॉइसमेलवर सोडा, ज्याला खरंच काम आहे तो निरोप ठेवतो.

हो, काही गोष्टी राहिल्या. बऱ्याच बँका असे नंबर ओटीपीसाठी घेत नाहीत. घेतला तरी कुठलंही लॉगिन त्यावर टांगू नका, कारण सोडलेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातील. उलटही होतं: तुम्हाला मिळालेला नंबर आधी कुणाचा तरी असू शकतो, त्याचे वसुलीवाले तुम्हाला शोधत येतील. काही सेवांवरून आणीबाणीचे नंबर लागतच नाहीत, ते आधी बघा. आणि मशीन जेव्हा ओळीने आकडे फिरवत सुटतं, तेव्हा व्हर्च्युअल काय आणि खरा काय, दोन्ही वाजतात. त्यासाठी अनोळखी कॉल मुके करायचं सेटिंग आहे (आयफोनवर २०१९ पासून, आयओएस १३ मध्ये आलं), पण मग कुरिअरवालाही मुका होतो.

कुठला घ्यावा? गूगल व्हॉइस फुकट आहे, पण वैयक्तिक खात्याला तो अमेरिकेतच मिळतो. बाकी ठिकाणी तुमच्या देशाचा नंबर कोण देतं आणि ओळखपत्र मागतं का, हे बघून घ्या. महिन्याच्या बोलीवर घ्या, वर्षाचे पैसे एकदम भरू नका, कारण हे नंबर टाकून देण्यासाठीच असतात.