दुर्बीण पुसू नका, आधी दाखवा

मायक्रोस्कोप आणि दुर्बिणी दुरुस्त करणं हा माझा धंदा. पाऊस ओसरून दसरा-दिवाळी आली की इंदूरभरच्या दुर्बिणी माळ्यावरून खाली उतरतात, आणि त्याच त्या शंका माझ्याकडे येतात. यंदा एकदाच उत्तरं देऊन टाकतो.

प्रश्न : ७० मिमीची दुर्बीण घेतली. खोक्यावर ५२५ पट लिहिलंय, पण तेवढं मोठं केलं की शनी म्हणजे नुसता थरथरणारा डाग. भिंग खराब आहे का? (सुदामा नगर)

भिंग ठीक असावं, लबाडी खोक्याची आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर (पुढच्या भिंगापासून चित्र जमतं तिथवरचं) ७०० मिमी, आयपीस म्हणजे डोळ्याजवळचं भिंग ४ मिमीचं. भागाकार केला की १७५. त्यावर तीनपट बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग, चढवला की झाले ५२५. कागदावर. प्रत्यक्षात भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट, म्हणजे तुमच्याकडे १४०, याच्या वर हाती काही लागत नाही. चित्र अंधारं होतं, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे शनी अर्ध्या मिनिटात बाहेर पळतो. आधी २५ चं आयपीस लावा. २८ पटीत गुरूचे चार चंद्र दिसतात. मग शनीसाठी १० चं. त्याची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे अगदी धार करून होती, म्हणजे जवळजवळ रेघच, आता ती हळूहळू उघडताहेत. तेवढा दोष तरी दुर्बिणीला देऊ नका.

प्रश्न : चंद्र उलटा दिसतो. (देवास)

दिसणारच. बिघाड नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात गच्चीवरून ग्रह उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखे का दिसतात? (विजय नगर)

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडत असतो. खाली गवतावर मांडा आणि पाहण्याआधी अर्धा तास दुर्बीण बाहेर ठेवा. बंद खिडकीच्या काचेतून पाहण्याचा उद्योग तर अजिबात नको.

प्रश्न : पुढच्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय. गेल्या पावसाळ्यात बारीक होतं, यंदा वाढलं. शेजारचे काका म्हणतात, धोतराच्या मऊ तुकड्यावर टूथपेस्ट घेऊन पुसा. पुसू का? (रामबाग)

नाही. आणि वर्षभर थांबलात कशाला?

ही बुरशी आहे. दमट हवा, अंधार आणि बंद पेटी मिळाली की ती वाढते. नुसती बसून राहत नाही, तिच्यातून आम्ल सुटतं आणि भिंगावरचा लेप खातं. पहिल्या वर्षी आणलेलं भिंग बहुतेक वेळा स्वच्छ होऊन जातं. तिसऱ्या वर्षी बुरशी काढली तरी तिची नक्षी काचेत उरते, आणि तिथे मीही काही करू शकत नाही.

टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. ती दातांसाठी ठीक आहे. धोतर मऊ असेल, पण भिंगावरची धूळ मऊ नसते. तुम्ही ती धूळच काचेवर रगडत असता. परावर्तक दुर्बिणीच्या आरशाचे हाल आणखी वाईट. त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा थर एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि तो काचेच्या मागे नसून पुढे, उघडा. रंगपंचमीनंतर एक आरसा माझ्याकडे आला होता. गच्चीत उघडा राहिला, गेरीतला, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीतला, गुलाल येऊन बसला, आणि घरच्यांनी तो जुन्या साडीच्या तुकड्याने गोल गोल पुसला. दिव्याखाली धरला तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा, त्यात अजून गुलाबी कण. नुसता फुंकणीने उडवला असता तर निम्म्याहून जास्त गुलाल गेला असता. फुंकणी म्हणजे रबरी फुगा, तोंडाने फुंकर नव्हे, थुंकी उडते.

भिंगं उघडायचा मोह तर टाळाच. पुढच्या बाजूला एक नव्हे, दोन काचा असतात, मध्ये ठरावीक फट. एक उलटी बसली की तारा कधीच टोकदार दिसत नाही. मी स्वतः उघडताना कडेला पेन्सिलने बाणाची खूण करतो, तीस वर्षांनंतरही.

पाहून झाल्यावर दव पडलेलं असेल तर लगेच झाकण लावू नका, घरात वाळू द्या. पेटीत सिलिका जेल ठेवा. निळे मणी गुलाबी झाले की ते संपले. कपाटात झिरोचा बल्ब लावायची जुनी युक्ती आता चालत नाही, कारण एलईडीला फारशी ऊब नसते. उज्जैनच्या वेधशाळेतल्या जयसिंहाच्या दगडी यंत्रांना हे सोपस्कार लागत नाहीत. तुमच्या भिंगाला लागतात. सध्या एवढंच करा: दुर्बीण इतर भिंगांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि याच आठवड्यात एखाद्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : दुर्बिणीबरोबर आयपीसवर बसवायचा काळा सूर्य-फिल्टर फुकट मिळाला. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाला वापरू का? (महू)

आजच फोडून फेका. तो बसतो नेमका जिथे ऊन एकवटतं तिथे. तापून तडकला की पुढे तुमचा डोळा. सूर्यासाठीचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच बसतो, आणि फाइंडरही, म्हणजे नळीवरची छोटी शोधदुर्बीण, झाकावा लागतो. विकत घेण्याआधी मला किंवा कुठल्याही अनुभवी निरीक्षकाला दाखवा. आधीच पाहून झालं असेल आणि नजरेत डाग असेल तर दुखण्याची वाट पाहू नका. डोळ्याच्या आतला पडदा भाजला तरी दुखत नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बाकी, २२ जुलै २००९ ला खग्रास पट्टा आपल्या डोक्यावरून गेला होता, तेव्हा मी दिव्याच्या अवसेला पहाटेपासून गच्चीत उभा राहून ढग पाहिले. २०२७ चं ग्रहणही आषाढातच आहे आणि आपल्याकडे फार तर खंडग्रास. फिल्टरवर फार खर्च करू नका.

प्रश्न : जुनी ११४ मिमीची परावर्तक घेतली. तारे शेपटीसारखे दिसतात. मागचे तीन स्क्रू फिरवून पाहिले, आणखी बिघडलं. (राऊ)

आरसे एका रेषेत नाहीत. दहा मिनिटांचं काम आहे, घेऊन या. पेचकस घरीच ठेवा.