लोक काय बघायला आलेत?

पोरी,

तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत होतो, त्यामुळे निम्मं ऐकू आलं नाही. एवढं कळलं की जूनचा अख्खा महिना तुला पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात लाइटवर काम मिळालंय आणि तरी तू खट्टू आहेस, कारण त्यात 'धड नाटकं' आठ-दहाच आहेत. बाकी लावणी, ऑर्केस्ट्रा, जादूचे प्रयोग, डान्स क्लासचं वार्षिक, कीर्तन, सत्कार. "काका, यात मी शिकणार काय?" असं विचारलंस. गिरणीच्या आवाजात उत्तर देता येईना, म्हणून लिहितोय.

नाटकाला क्यू शीट असते, कुठल्या वाक्याला कुठला दिवा याची यादी. पंचवीस-तीस प्रयोग झाले की हात आपोआप डिमरवर, उजेड कमी-जास्त करायच्या खटक्यावर जातो, डोकं घरी ठेवलं तरी चालतं. तुझं सध्या तेच झालंय, राग येऊ देऊ नकोस. या महिन्यात शीट कुणी देणार नाही. दुपारी साडेबाराला एक कार्यक्रम, साडेपाचला दुसरा, रात्री साडेनऊला तिसरा. खुर्च्या त्याच, हजाराच्या आसपास. त्यांत बसलेली माणसं मात्र दर वेळी वेगळी.

मी तुझ्या वयाचा असताना प्रायोगिक नाटकांतून आलो होतो आणि अंधारावर माझं फार प्रेम होतं. एका जिल्ह्याच्या गावात लावणीच्या कार्यक्रमाला मला पाठवलं. मी दिव्यांवर निळं जिलेटिन, म्हणजे रंगीत कागद चढवला, समोरचा उजेड निम्म्यावर आणला, विंगेतून तिरपा झोत सोडला. मनात म्हटलं, काय चित्र उभं केलंय! दोन मिनिटांत मागून आवाज आला, "ए लाइटवाल्या, बिल भरलं न्हाई का?" सगळं थिएटर हसलं. मी तरी तसाच अडून बसलो.

मध्यंतरात रंगपटात बोलावणं आलं. बाई चाळ सैल करत बसल्या होत्या, घोट्यावर त्यांचे वळ उठले होते. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "दादा, लोक अदा बघाया पैसं देत्यात. डोळंच दिसलं न्हाईत तर अदा कुठनं दिसंल?" मी मान हलवली. मग म्हणाल्या, "आन् ढोलकीवाल्याला का अंधारात बसवलाय? त्याचा हात मला दिसाया पायजे." हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, वादक म्हणजे बाजूला बसून वाजवणारी माणसं, त्यांच्यावर उजेड कशाला खर्च करा. पण शेवटच्या तोड्याला तिचा पाय आणि त्याची थाप एकदम पडायची तर दोघांची नजरानजर लागते. मध्यंतरानंतर मी निळं काढलं, समोरून पांढरा आणि पिवळसर भरपूर दिला, ढोलकीवर एक स्पॉट ठेवला. मग ज्या शिट्ट्या पडल्या, त्या ऐकून मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

तेव्हापासून मी बोर्डापाशी बसायच्या आधी हॉलमध्ये एक चक्कर मारतो आणि बघतो, लोक आज काय बघायला आलेत? तू रोज एवढंच कर.

डान्स क्लासचं वार्षिक घे. तू म्हणशील, काय ती गाणी आणि काय ते चमचमते कपडे. पण प्रत्येक खुर्चीतली आई फक्त एका पोराला बघायला आलेली असते, आणि ते पोर नेमकं शेवटच्या ओळीत अगदी कडेला, विंगेच्या सावलीत उभं केलेलं असतं. मधे झगझगीत आणि कडेला काळोख अशी रचना तिथे चालत नाही. कडा आधी भर, मधलं आपोआप भरतं. बालनाट्याला पूर्ण ब्लॅकआउट करू नकोस, पहिल्याच अंधारात चाळीस पोरं "आई!" म्हणून ओरडतात. थोडा निळा ठेवून दे.

जादूगाराला मात्र आधी भेट आणि तो सांगेल तेवढंच कर. त्याच्या काळ्या पडद्यावर तुझा मागून सोडलेला एक झोत भलत्या कोनातून पडला तर त्याची युक्ती उघडी पडते आणि पोटावर पाय येतो. सत्काराबद्दल काही सांगत नाही. शाल, श्रीफळ, सगळे दिवे फुल्ल. चहा पिऊन घे.

संगीत नाटक दोन तरी आहेत म्हणालीस. तिथे गाणं संपताना उजेड उतरवायची घाई करू नकोस. 'वन्स मोअर' आला की नट पुन्हा उभा राहतो, आणि तू उजेड अर्ध्यावर आणून ठेवलेला असतो. ऑर्गन-तबलावाल्यांना नटाचं तोंड दिसतंय ना तेही बघ. लावणीचीच गोष्ट आहे बघ ही, ढोलकीच्या जागी ऑर्गन. कीर्तनाला तर प्रेक्षागृहातले दिवेही थोडे राहू देत. बुवांना समोरची माणसं दिसली पाहिजेत, ते त्यांच्याशी बोलत असतात. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, संपला की बुक्का लावतात, हार घालतात. ते मध्यंतर नव्हे, तेव्हा उठून वडा खायला जाऊ नकोस. मी गेलो होतो.

आता कामाचं. दुपारचं नाटक साडेतीनला सुटलं तर साडेपाचच्या आत त्यांचा सेट बाहेर, दुसऱ्यांचा आत आणि तुझं फोकसिंग, दिवे नेमक्या जागी वळवून लावणं. या दोन तासांत सगळे एकमेकांवर ओरडतात. मनावर घेऊ नकोस, पण शिडीवर असताना कुणी घाई केली तर सरळ खाली उतर. जून आहे, टेम्पोतून भिजलेल्या केबली येतील, त्या पुसल्याशिवाय लावू देऊ नकोस, मालक कितीही मोठा असो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. मी तिथे कितीतरी प्रयोग केले होते. त्या रात्रीपासून निघताना एकेका प्लगला हात लावून बघितल्याशिवाय माझा पाय निघत नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतील ते दोन दिवस रस्त्यांचा भरवसा नाही, सामान आदल्या रात्रीच आणून ठेव.

आणि एखाद्या सकाळी, कुणी नसताना, तिथली बालगंधर्वांची दोन्ही चित्रं नीट बघ, गोपाळ देऊस्करांनी काढलेली. एकात ते स्वतः, दुसऱ्यात स्त्रीवेशात. गॅसबत्तीच्या काळापासूनची ही रंगभूमी. त्या उजेडात तो चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचत असेल, याचा विचार मी अजून करतो. या वास्तूचं भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हस्ते झालं, पण २६ जून १९६८ ला ती उघडली तेव्हा ते नव्हते. आदल्या वर्षीच्या जुलैत गेले.

२६ तारखेला वर्धापनदिनाला मी येतोय. पास मागू नकोस, तिकीट असलं तर मी काढतो. मागच्या रांगेत कडेला बसेन. ढोलकीवाला मला तिथून दिसला पाहिजे. माझी जुनी टॉर्च तुला आणून देतो, सेल तेवढे तू घेऊन ठेव.

काका