जपानला पहिल्यांदाच जाताना कोणते शिष्टाचार शिकून जावेत?

आई-वडिलांना घेऊन प्रथमच जपानला येताना किती वाकावे आणि चॉपस्टिक कशा धराव्यात याचा सराव आतापासून करावा का, असे आपण विचारले आहे. मी नोकरीनिमित्त टोकियोच्या एदोगावा भागात राहतो आणि महाराष्ट्रातून येणारी नातेवाईक मंडळी माझ्याकडे अधूनमधून उतरत असतात. त्या अनुभवावरून सांगतो, की वाकण्याची चिंता सोडून द्यावी. परदेशी पाहुण्याकडून त्याबाबत कोणी अचूकपणाची अपेक्षा करत नाही; मान किंचित झुकवली तरी भागते आणि आईंनी सवयीने हात जोडले तरी कोणाला वावगे वाटत नाही. जपायचे असते ते वेगळेच: जी जागा, जे पाणी आणि जी शांतता आपल्याबरोबर किंवा आपल्यानंतर इतरांनाही वापरायची आहे, ती बिघडू द्यायची नाही.

सर्वांत जास्त गोंधळ गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडांवर, म्हणजे ओन्सेनमध्ये होतो. स्नानासाठी कुंडात उतरायचे ही आपली कल्पना. इथे स्नान उरकून कुंडात उतरायचे असते. भिंतीलगत नळ, बुटके स्टूल आणि छोट्या बादल्या मांडलेल्या असतात. तिथे बसूनच, शेजाऱ्यावर पाणी उडणार नाही अशा बेताने, साबण लावून अंग स्वच्छ धुवावे, फेसाचा अंशही उरू देऊ नये आणि आपले स्टूल धुऊन ठेवावे. लांब केस वर बांधावेत आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नये. लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. स्त्री-पुरुषांची व्यवस्था सहसा स्वतंत्र असते, परंतु आत कपडे चालत नाहीत, पोहण्याचा पोशाखही नाही. आई-वडिलांना हे अवघड वाटणारच. बऱ्याच र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक पद्धतीच्या निवासांमध्ये, कुटुंबापुरते राखीव कुंड ठरावीक वेळेसाठी मिळते, ते घ्यावे. अंगावर गोंदण असेल तर आधी विचारावे, कारण अनेक ठिकाणी त्यामुळे प्रवेश नाकारतात.

पादत्राणे घराबाहेर काढण्याची सवय आपल्याला आहेच, पण फसगत होते ती तपशिलात. र्योकानच्या दारातून आत शिरताच एक सखल भाग असतो आणि त्यापुढे पायरीएवढा उंच ओटा. बूट खाली काढायचे, मात्र मोजे घातलेला पाय त्या खालच्या फरशीवर न टेकवता थेट वर ठेवायचा. मग वळून, खाली वाकून, बुटांची टोके दाराकडे करून ते हाताने नीट लावायचे. आपल्यासारखे पायाने सरकवू नयेत. वर मिळणाऱ्या स्लिपर तातामीच्या, म्हणजे चटयांच्या, खोलीबाहेरच काढायच्या. शौचालयाच्या स्लिपर वेगळ्या असतात आणि त्याच घालून जेवणाच्या दालनापर्यंत आलेला पाहुणा हमखास पाहायला मिळतो!

रेल्वेत मोबाइल सायलेंटवर ठेवावा आणि फोनवर बोलू नये. आपसांत बोलायला हरकत नाही, पण आपला नेहमीचा आवाज इथल्या डब्यात फार मोठा ठरतो, हे वडिलांना आधीच सांगून ठेवावे. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, फोन आलाच तर दोन डब्यांच्या मधल्या जागेत जावे. या गाडीत आपल्या आसनावर बसून जेवणाचा डबा खाणे मात्र अगदी रीतसर आहे. लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल, तर तोकाइदो-सान्यो या टोकियो-ओसाका-फुकुओका शिंकान्सेन मार्गावर 2020 पासून तिच्यासाठी जागा आधी आरक्षित करावी लागते. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवरूनच ती पुढच्या हॉटेलवर पाठवणे सोयीचे. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे, ओसाकात उजवीकडे उभे राहतात. पुढच्याकडे पाहावे आणि तसेच करावे.

कचऱ्यासाठी पिशवी जवळ बाळगावी. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाल्यानंतर सार्वजनिक ठिकाणच्या कचरापेट्या मोठ्या प्रमाणावर हटवण्यात आल्या, त्यामुळे रिकामी बाटली हॉटेलपर्यंत न्यावी लागली तर नवल नाही.

चॉपस्टिकच्या बाबतीत दोनच गोष्टी सांभाळा: त्या भातात उभ्या रोवू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याने आपल्या चॉपस्टिकने घास घेऊ नये. पहिली कृती मृतासाठी ठेवलेल्या भाताची, तर दुसरी दहनानंतर चॉपस्टिकनेच अस्थी उचलण्याच्या विधीची आठवण करून देते. बाकी हात वळत नसेल तर सरळ काटा मागावा.

टिप ठेवू नये, आणि काउंटरवर छोटा ट्रे असेल तर पैसे त्यात ठेवावेत. आपण शाकाहारी असाल तर अडचण वेगळी आहे: भाज्यांच्या रश्शातही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो आणि ‘हे काढून ते घाला’ अशी फर्माईश पुष्कळ उपाहारगृहांना पुरवता येत नाही. शक्य असल्यास जागा आरक्षित करतानाच कळवावे. ऐनवेळी विचारलेच आणि समोरच्याने मान तिरकी करून दातांतून श्वास आत ओढला, तर तो नकार समजावा आणि पुन्हा आग्रह न करता दुसरा पदार्थ मागवावा.