छोटं, पर्यावरणपूरक घर भूकंप, वादळ आणि पूर या तिन्हींत टिकेल असं कसं बांधावं?

तुम्हाला साधारण ३०० चौरस फुटांचं एकमजली घर हवं आहे, सिमेंट-लोखंड कमीत कमी वापरून, आणि माती, बांबू, वीट यांतलं काय घ्यावं असं तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते साहित्याचा विचार नंतर करा. छप्पर भिंतीला, भिंत शेजारच्या भिंतीला आणि भिंत पायाला कशी बांधली जाणार, हे आधी कागदावर ठरवा. भक्कम दिसणारी घरंही बहुतेक वेळा जोडांत सुटतात आणि मग पडतात. १९९३च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती कोसळल्या, कारण भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर एकमेकांत गुंतलेले नव्हते आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचं ओझं होतं. दगडी भिंत घालणार असाल तर दर ६० सेंमी उंचीला, १.२ मीटरच्या आत एक, असे भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवाच.

आराखडा चौरस किंवा आयताकृती ठेवा. लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त नको. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान ६० सेंमी दूर, दोन उघाड्यांमध्येही तेवढीच भिंत, आणि एका भिंतीतल्या सगळ्या उघाड्यांची रुंदी मिळून भिंतीच्या निम्म्याहून कमी.

मग पट्टे. जोत्यावर, लिंटेलवर (दार-खिडक्यांच्या लगेच वर) आणि हलकं छप्पर असेल तर भिंतीच्या माथ्यावरही, घराभोवती सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवा. छोट्या खोल्यांना भिंतीच्या रुंदीचा, ७५ मिमी जाडीचा, १० मिमीच्या दोन सळया आणि दर १५० मिमीला ६ मिमीची आडवी कडी, एवढा पुरतो. गडबड होते ती कोपऱ्यात. गवंडी दोन्ही भिंतींच्या सळया कोपऱ्याशी आणून तिथेच तोडतो. वरून काँक्रीट पडलं की काही दिसत नाही, आणि हादऱ्यात भिंती नेमक्या त्याच कोपऱ्यात उघडतात. सळई वळवून दुसऱ्या भिंतीत ६० सेंमी तरी गेली पाहिजे. काँक्रीट ओतण्याआधी चारही कोपरे स्वतः बघा, फोटो काढून ठेवा. प्रत्येक कोपऱ्यात पायापासून माथ्याच्या पट्ट्यापर्यंत १२ मिमीची एक उभी सळईही घ्या. रॅट-ट्रॅप पद्धतीने, म्हणजे विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडत, वीट रचली तर सुमारे पाव भाग विटा वाचतात आणि मधल्या पोकळीत ही सळई काँक्रीटसह सहज बसते. मला ही पद्धत फार आवडते, कारण बचत आणि मजबुती दोन्ही एकाच जागी मिळतात.

आता छप्पर. भूकंपाला ते हलकं हवं आणि वादळाला जड, असा हा पेच आहे. उत्तर एकच: हलकं ठेवा, पण घट्ट बांधा. ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर. वाऱ्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग धरतात, म्हणजे चौरस मीटरला १५०० न्यूटन, साधारण १५० किलो. छपराला वर खेचणारी वाऱ्याची उचलही साधारण एवढीच असते, कडांना आणि कोपऱ्यांना आणखी जास्त. पत्र्याचं स्वतःचं वजन मात्र चौरस मीटरला जेमतेम ५ किलो. ३० चौरस मीटरच्या छपराला साडेचार टन उचल बसते, आणि ती पेलायला नुसते खिळे ठोकलेले असतात! म्हणून माथ्याच्या पट्ट्यात काँक्रीट ओततानाच बोल्ट रोवून ठेवा, त्यांवर लाकडी तुळई कसा, प्रत्येक वासा पोलादी पट्टीने तुळईला बांधा. पत्र्याला वॉशरसकट जे-हुक (इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट) लावा, कडेला आणि कोपऱ्यांत ते दाट. दुपाखीपेक्षा चारपाखी छप्पर बरं, उतार ३० अंशांच्या आसपास.

मातीच्या भिंतींना पावसापासून लांब पागोळी हवी असते, आणि वारा पहिल्यांदा तीच पकडतो. म्हणून पागोळी ४५ सेंमीपर्यंतच ठेवा आणि पडवीचं छप्पर घराच्या छपराला न जोडता वेगळं करा. वादळात पडवी गेली तरी घराचं छप्पर सोबत जाणार नाही. खिडक्यांच्या झडपांना आतून भक्कम कड्या हव्यातच. वाऱ्याच्या तोंडची एक खिडकी फुटली की आत शिरलेला वारा छप्पर खालून ढकलतो.

पुरासाठी जोतं माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा निदान ६० सेंमी वर घ्या. खांबांवर घर उचलणार असाल तर खांबांमध्ये तिरके आधार किंवा भिंती द्या, नाहीतर पुरात वाचलेलं घर भूकंपात खालूनच बसेल. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा एक मीटर वर असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर ५०० किलो ढकल बसते. दार बंद करून पाणी अडवण्याच्या हट्टापायीही भिंती पडतात. जोतं बुडण्याची शक्यता असेल तर खाली पाण्याला आत-बाहेर व्हायला झरोके ठेवा आणि विजेचे बोर्ड बरेच वर घ्या.

आता साहित्य. स्थिर केलेल्या दाबमातीच्या विटांना (मातीत थोडं सिमेंट मिसळून, दाबून केलेल्या, न भाजलेल्या) ५ ते ८ टक्के सिमेंट पुरतं, पण मातीत निम्मी तरी वाळू हवी. काळी चिकण माती सिमेंटला दाद देत नाही, तिथे चुना वापरा. या विटांवर चार आठवडे पाणी मारावं लागतं आणि घाई करणारे इथेच फसतात. ओली वीट सुक्या विटेच्या निम्म्याच ताकदीची उरते, म्हणून एक वीट २४ तास पाण्यात ठेवून मग तपासा. पूर येतो तिथे जोतं या विटांचं नकोच, दगड किंवा भाजलेली वीट घ्या. बांबू तीन वर्षांहून जुना, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला हवा. हे द्रव्य पावसात धुऊन जातं, म्हणून तो जमिनीपासून वर आणि छपराखाली ठेवा. बोल्ट लावायच्या पेरात आधी मॉर्टर भरा, नाहीतर तो चिरतो.

सौर पॅनेल पत्र्याला नको, वाशांना बांधा. हजार लिटरची टाकी छपरावर म्हणजे डोक्यावर एक टन, तिला वेगळा मनोरा करा. जागा भरावाची, उताराच्या पायथ्याची किंवा नाल्याच्या काठची असेल तर यातलं काहीही पुरेसं पडत नाही, त्यामुळे मातीची तपासणी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला जागेचा व्यवहार करण्याआधीच घ्या.